दुसरं मशीन बंद आहे, खात्री आहे?

गळ्यातल्या माळेला हात लावून लिहितोय. यातलं अक्षरही मनचं नाही.

२००६ सालची कार्तिकातली दुपार. हो, रात्र नव्हती. पुसदच्या एका कॉलेजातली कॉम्प्युटरची खोली. माझा धाकटा भाऊ पुंडलिक तिथली मशीनं सांभाळायचा.

आमचे रामधन महाराज वारून वर्ष होत आलं होतं. काय कीर्तन करायचे! उत्तररंगातल्या कथेत शिरले की बाया डोळ्याला पदर लावायच्या. त्यांच्या कॅसेटींना बुरशी लागली, म्हणून पुंडलिकनं सगळा आवाज कॉलेजच्या डिस्कवर उतरवला. कॅसेटी फेकल्या.

आता महाराज उरले होते ते त्या डिस्कवर.

त्यांची लेक नलू ढाणकीहून आली होती. बाप गेला तेव्हा तिला पोचता आलं नव्हतं. पुंडलिकला म्हणाली,

"भाऊ, एकडाव बाबाचा आवाज ऐकू दे. मंग जाते."

लोडशेडिंग संपलं. खोलीतलं मशीन सुरू झालं.

पण डिस्क जोडली जाईना.

"कुलूप अडकलं," पुंडलिक म्हणाला.

"कुलूप? अन् किल्ली कोणाजवळ?" मी हसलो.

त्यानं समजावलं. डिस्क एक, तिला वायरनं जोडलेली मशीनं दोन. दुसरं मैदानापलीकडे, ग्रंथालयात. दोघांनी एकदम लिहिलं तर सगळं नासतं. म्हणून लिहिणाऱ्याकडे कुलूप, दुसऱ्यानं थांबायचं. नारदाच्या गादीवर एका वेळी एकच कीर्तनकार, तसं. अन् कुलूप धरलेलं मशीनच बंद पडलं, तर माणसानं तिथं जाऊन, त्याची वायर उपटून, मगच इथं पडद्यावरच्या प्रश्नाला 'बंद आहे' अशी खात्री द्यायची.

त्यानं खिडकीतून पाहिलं. ग्रंथालयात अंधार.

"तिकडं लाइनच आली नाही अजून. बंदच असन."

अन् खात्री देऊन टाकली. गेला नाही.

कुलूप सुटलं.

महाराजांचा आवाज खोलीत भरला. नलूनं तोंडावर पदर धरला. माझेही डोळे वाहत होते...

आवाज मध्येच तुटला.

मग... कोणीतरी खाकरलं.

पुंडलिकनं पडद्यावर पाहिलं. "दादा... तिकडून कोणीतरी लिहून राह्यलं."

तो धावत सुटला, मागं मी. ग्रंथालयाच्या पायरीवर नागोराव शिपाई बसलेला.

"काहून सर, शर्यत लावली का?"

"मशीन बंद कर! वायर उपट!"

"कोनतं मशीन? ते तं कालच नागपूरले गेलं, दुरुस्तीले. तुम्ही कापूस वेचाले गेलते ना गावी."

आत टेबल रिकामं होतं. वायरचं तोंड धुळीत पडलेलं.

मग कुलूप कोणी धरलं होतं...?

पुंडलिकनं ते तोंड उचलून पाहिलं. "आधी इथं आलो असतो तं त्या कुलपाला हात नसता लावला, दादा."

परतलो तोवर सगळी कीर्तनं नासली होती. नलूला तसंच सांगितलं. ती पिशवी उचलून बसस्टँडकडे गेली.

ती गेल्यावर डिस्कवर एक फाइल दिसली. पुंडलिकनं कधीच न उतरवलेली.

लावली.

टाळ नाही. पेटी नाही. नुसता श्वास...

मग महाराजांचा आवाज.

"नलू आली का?"

बराच वेळ काही नाही.

"येऊ द्या तिले. तवर सुरू करत नाही."

पुढं परत श्वासच. किती ऐकलं तरी फाइल संपेना. शेवटी पुंडलिकनं डिस्कच काढून कपाटात घातली.

नलू अजून भेटते तेव्हा विचारते, "दादा, थोडासाही आवाज नाही का उरला?"

पुंडलिक मान खाली घालतो. मी म्हणतो, "नाही, माय."

देवाच्या दारात उभा राहणारा माणूस मी, अन् एका लेकीशी खोटं बोलतो. कारण ऐकवलं, तर नलू आली असं होईल.

मग महाराज सुरू करतील.

काय सुरू करतील... ते आम्हाला माहीत नाही.