कडूबाच्या टँकरचा नळ

टॉर्च बंद कर बे गंधार, बॅटरी उतरून जाईन. लाईन येईन तवा येईन. अन् मयुरी, तू इकडं सरकून बस. मंग रातच्याला उठवू नको मले, आबा भेव वाटते म्हणून. मोबाईलवर तं काय काय पाह्यता तुम्ही, तवा नाई वाटत.

हे मी सांगून राह्यलो ते आयकेल-बियकेल नाई. माह्या दुकानावर येणाऱ्या माणसाचं आहे. कडूबा त्याचं नाव. नांदुऱ्यात माह्यं वेल्डिंगचं दुकान, तं त्याचा टँकर कवाबी माह्याचकडं येये. पाण्याचा टँकर. त्याचं गाव पूर्णेकाठी, खारपाणात. इहिरीले पाणी आहे, पण तोंडात धरवत नाई. तं हा जळगाव जामोदकडून, डोंगराखालच्या बोरचं गोड पाणी आणे अन् गावाले वाटे.

त्याले एकच पोरगा, हर्षल. दोन वर्सं बापासंग टँकरवर व्हता. मंग कोण्या एजंटानं त्याले समुद्रावर लावून देलं, तेलाच्या जहाजावर. फोनवर हसे तो, "बाबा, तुम्ही बी टँकरवर, मी बी टँकरवर."

आता ते जहाज कसं, तं ज्या देशाचं तेल घेवाले बंदी आहे, त्याचं तेल लपूनछपून नेणारं. जहाज कुठं आहे ते सांगणारं यंत्र असते, ते बंद करून ठेवायचं. भर समुद्रात जुनं नाव खोडायचं अन् नवं रंगवायचं. झेंडा बी बदलायचा. पोराले काय माईत? त्याले वाटलं नवकरी आहे. एक दिवस बंदीवाल्याईनं ते जहाज धरलं अन् बंदराच्या बाहेर उभं करून ठेवलं. मालकानं फोन बंद केला. हरामखोर लेकाचा! पोराईले कोणी खाली उतरू देईना, काऊन तं जहाजाचे कागदं खोटे. पयले खाणं संपलं. मंग पाणी. हर्षलच्या मायनं, रुखमाबाईनं, त्याचा मोबाईलात भरेल आवाज मले सोता आयकवला. "आई, इथं आपल्या गावासारखंच आहे. पाणी लय आहे, पण पेता येत नाई."

तो शेवटचा फोन. मंग एका सकाळी जहाज तिथं नव्हतंच. बुडालं का कोणी अंधारात ओढून नेलं, कोणी सांगेना. कडूबा मुंबईले जाऊन आला. तिथी म्हणे, या नावाचं जहाजच नाई. ज्याचा झेंडा व्हता तो देश म्हणे, आमचं नाई.

"जहाजच नाई म्हणतात उत्तमराव," कडूबा मले म्हणे, "मंग माहा पोरगा उभा कशावर व्हता?"

मी चहा मांगवला. त्यानं पेला नाई.

अशात आखजी आली, तुमची अक्षय तृतीया. आखजीले आपण गेलेल्या माणसाच्या नावानं गोड पाण्याची घागर भरतो ना, त्याले तिकडं पाणी पोचावं म्हणून. भावकी म्हणे, हर्षलची भरा, लेकरू तहानेलं गेलं. रुखमाबाई अंगावर धावून गेली सगळ्याईच्या. "जित्त्या लेकराची घागर भरू मी? त्याचा फोन येईन." कडूबा मधात सापडला. भरली तं पोरगं गेलं म्हणून आपल्याच हातानं कबूल केलं. नाई भरली, अन् ते खरंच गेलं असलं, तं तिकडंबी तहानेलंच राह्यलं.

तं गेल्या सालची गोष्ट. आखजीच्या आदली, मंगळवारची रात. दुसऱ्या दिवशी घरोघर घागरी, म्हणून गावाले गोड पाणी पायजे. अन् बोरवर लाईन रातच्यालाच राह्यते. टँकर भरून कडूबा एकटाच निंघाला, तं एक वाजून गेला व्हता. बीजेची कोर कवाच बुडाली व्हती.

पूर्णेचा पूल जवळ आला. लाईटात एक माणूस दिसला, रोडच्या मधात. हात वर केलेला. अंगात नारिंगी बॉयलर सूट. कडूबाले वाटलं रोडच्या कामावरचा असंन. ब्रेक मारला. त्याच्यामांगं अजून एक. त्याच्यामांगं अजून… रांगच.

पयल्यानं ओंजळ पुढं केली. आता पाण्याले नाई कोण म्हणते? कडूबा उतरला, मांगचा नळ खोलला. तो पेला. पेतच राह्यला… मंग दुसरा आला.

तिसरा वाकला, तवा कडूबाले त्याची छाती दिसली. सुटावर जहाजाचं नाव असते. त्याच्यावर काळा रंग मारेल. नाव खोडेल. हर्षलनं फोटो धाडला व्हता, त्यात अस्साच सूट…

कडूबानं मान खाली घातली.

"वर पाह्यलं असतं," मले म्हणे, "अन् त्यात माह्यावाला असता, तं?" नाई पाह्यलं, म्हणजे पोरगं जित्तं आहे. म्हणून फक्त हात पाह्ये. ओंजळ आली. गेली. दुसरी आली. कातडं सोलेल. नखं काळे. एवढी धार पडून राह्यली… अन् खाली माती कोरडी. एक थेंब नाई.

नाई मयुरी, मधात बोलू नको.

मंग ओंजळी थांबल्या. एकाचे पाय उरले समोर. त्यानं हात पुढं केला नाई.

"पे," कडूबा म्हणे.

ते पाय जागचे हालले नाई.

"पे ना रे बावा…"

एक हात आला. ओंजळ नाई. नळाच्या मुठीवर आला. अन् त्या नळाचं असं व्हतं पोरंहो, का आतलं रबराचं वायसर फाटेल. नुसता पिळला तं धार बंदच होत नव्हती. मूठ अंगठ्यानं वर उचलायची, धरायची, मंग हळूच फिरवायची. ते दोघाईलेच जमे. एक कडूबाले. अन् एक…

त्या हातानं मूठ उचलली. धरली. हळूच फिरवली.

"हर्षल!"

कडूबानं वर पाह्यलं. रोड. अंधार. आपल्याच इंजिनाचा आवाज.

हे सांगताना माह्या दुकानात ढसाढसा रडला तो माणूस. "दुसऱ्याईच्या लेकराले पोटभर पाजलं उत्तमराव. माह्यावालाच तहानेला गेला. गावाच्या घागरी राह्यल्या म्हणून नळ बंद केला त्यानं."

घरी कोणाले काई बोलला नाई तो. टँकर अंगणात लावला अन् बसून राह्यला. झुंजुमुंजू झाल्यावर रुखमाबाई उठली. कडूबानं कसाबी बंद केला, तरी तो नळ थेंब थेंब गळेच, म्हणून ती रोज त्याच्याखाली गंज, मोठं पातेलं, ठेवे. आजबी ठेवला. चूल पेटवून आली, तं गंज कोरडा. तिनं नळाखाली बोट लावून पाह्यलं.

"कोणी बंद केला हा?"

कडूबा खाली पाहत राह्यला.

तिनं त्याच्याकडं पाह्यलं, मंग नळाकडं. शेजारून एक नवी घागर मांगून आणली. त्याच नळाले लावली. भरली, देवापाशी ठेवली, अन् म्हणे, "पे राजा. पोटभर पे." अन् तिथीच बसली खाली. तवा रडली ती माय, इतक्या महिन्यात पयल्यांदा.

आता तुम्ही म्हणसान आबा थापा मारते. तं आयका. पावसाळ्याच्या तोंडावर टँकर माह्याकडं आला, टाकीले चीर गेली म्हणून. दोघंबी आले व्हते, म्हणे त्या रातीपासून नळ गळलाच नाई. नळ म्या सोता खोलला. वायसर मधातून फाटेल, दोन तुकडे. पाणी अडवाले काईच नाई आतमंदी. अन् चीर जोडल्यावर वायसराबिगरच नळ लावून टाकी भरून पाह्यली, तं थेंब नाई गळत. म्या तीस वर्सं हेच काम केलं, मले नाई समजलं.

नवं वायसर काढलं पेटीतून. रुखमाबाईनं नळावर हात ठेवला. "राहू द्या भाऊजी," म्हणे, "त्यानं बंद केला आहे."

म्या फाटेल तुकडेच परत बसवले अन् पाना पेटीत टाकला.