अपूर्वाच्या गादीवर कोण बसलं?

परळच्या त्या चाळीचा जिना चढताना उपनिरीक्षक माया धिवारला आधी शिव्या ऐकू आल्या, मग लाथांचे आवाज. सात-आठ जण एका तरुणाला तुडवत होते. त्याचा शर्ट रक्ताने भिजला होता, आणि ते सगळं रक्त त्याचं नव्हतं.

"ह्यानेच मारली मॅडम, सख्ख्या बहिणीला!"

मायाने काठी चालवत वाट काढली. हवालदार दगडूने तरुणाला भिंतीशी ओढून घेतलं.

आत खोलीत अपूर्वा परब कॉम्प्युटरच्या टेबलापाशी पालथी पडली होती. डोक्याची मागची बाजू ठेचलेली. शेजारी जड पितळी इस्त्री, तिच्या टोकाला केस चिकटलेले. कडी शाबूत होती, खुर्चीसुद्धा हललेली नव्हती. मारणाऱ्याकडे अपूर्वाने बिनधास्त पाठ केली होती.

तरुण तिचा भाऊ, राहुल. ओठ फाटलेला, तरी बोलत होता.

"कामावरसून इलंय, तर दार उघडा. तिका मांडयेर घेतलंय, मॅडम. रगात तिचाच."

"सकाळी तुमचं भांडण झालं होतं?"

"झाला. दिवसभर त्या दुकानात बसता, स्थळ बघूक येना नाय, म्हणान. पण मी तिका मारीन?"

दुकान म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी अनुजा लेलेने सांगितलं. ती अपूर्वाची मैत्रीण. माहेर पुण्याचं, राहायला गिरगावात. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"ऑनलाइन एक आभासी जग आहे. तिथे माणसं बाहुलीसारखं रूप घेऊन फिरतात, गप्पा मारतात, नाचतात. त्या रूपांना नेसवायच्या साड्या अपूर्वा तिथल्या दुकानात गादीवर बसून विकायची. त्याच चौकात शेजारी माझं दागिन्यांचं दुकान."

"चालायचं तिचं दुकान?"

"धो धो! बाकीचे तयार नक्षी चिकटवून मोकळे होतात. ही खरी साडी नेसायची, फोटो काढायची, मग एकेक निरी रंगवायची. बाहुली चालली की पदर झुलायचा. आणि गिऱ्हाइकांशी घरच्यासारखं बोलायची. एकदा आलेली बाई दुसरीला घेऊनच यायची."

"ती नसताना दुकान कोण सांभाळायचं?"

"तिला डेंग्यू झाला तेव्हा तिच्या नावाने राहुल बसायचा किंवा मी. पासवर्ड आम्हा दोघांकडेच होता."

"काल तुम्ही कुठे होता?"

"संध्याकाळभर दादरला, मावसबहिणीच्या साखरपुड्यात. अख्ख्या हॉलने पाहिलंय मला."

दगडूने दुकानातलं कालचं संभाषण उघडलं. डॉक्टरांनी मृत्यूची वेळ दुपार ते संध्याकाळ अशी मोघम दिली होती, पण संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत अपूर्वा गिऱ्हाइकांना उत्तरं देत होती. माहीमच्या जाईबाई नावाच्या गिऱ्हाइकाने लिहिलं होतं, 'हिरवी पैठणी बाजूक ठेव गो. फाल्यां येतंय.' उत्तर होतं, 'फाल्यां सध्या शिल्लक नाही. दुसरी कुठली दाखवू?'

असेल एखादा साडीचा प्रकार, असं म्हणून माया पुढे गेली. दगडू लातूरचा, त्यालाही काही खटकलं नाही. म्हणजे खून दिवेलागणीनंतरचा. आणि त्या वेळी खोलीत आला होता फक्त राहुल.

एक धागा उरला होता. हिंदमाताचा साडीवाला बुधाजी राणे. अपूर्वा आधी त्याच्याकडे कामाला होती.

"तिचे हात तोडीन म्हणालात?"

"म्हटलंय! माझ्या दुकानातले साडये नेसान फोटो काढल्यान आणि थंय इकल्यान!" बुधाजीने दगडूच्या छातीत धक्का मारला. दगडूने त्याचा हात पिरगळून त्याला कापडाच्या गठ्ठ्यांवर आपटलं. पण कॅमेऱ्यात बुधाजी दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत गल्ल्यावरच दिसत होता.

"भावावर केस तयार करा," वरिष्ठांनी फर्मावलं.

माया कोठडीपाशी आली. राहुल गजांवर कपाळ आपटत होता. रक्त नाकावर ओघळत होतं.

"मॅडम, फाल्यां तिची बॉडी गावतली. अग्नी माकाच देवचो आसा. इतक्याक सोडा, मगे फाशी द्या."

माया थबकली. "फाल्यां म्हणजे?"

"उद्या."

"अपूर्वाला माहीत होता हा शब्द?"

"तिका? गावच्या गिऱ्हाइकांशी ती मालवणीतच बोलायची!"

अनुजाला परत ठाण्यात बोलावलं तेव्हा मायाने टेबलावर साखरपुड्याचे फोटो मांडून ठेवले होते.

"प्रत्येक फोटोत तुमच्या हातात मोबाईल आहे. नवरीकडे एकदाही बघितलेलं नाही."

"मग?"

"अपूर्वा दुपारीच मेली. मैत्रीण आली म्हणून ती निर्धास्त कॉम्प्युटरकडे वळली, आणि तुम्ही इस्त्री उचललीत. मग भरल्या हॉलमध्ये बसून तिच्या नावाने दुकान चालवलंत, ती जिवंत आहे असं जगाला वाटावं म्हणून. पासवर्ड दोघांकडेच. राहुल असता तर त्याने 'उद्या ये' असं लिहिलं असतं. पण 'फाल्यां' ही साडी आहे असं तुम्हाला वाटलं. मालवणी घरातली अपूर्वा अशी चूक करणारच नाही. का मारलंत तिला?"

अनुजाने फोटो बाजूला सारले. "माझ्या नथी दुसऱ्यांच्या दुकानातून चोरलेल्या आहेत, हे तिने ओळखलं. ते जग चालवणाऱ्या कंपनीला कळवणार होती. हाकलून दिलं असतं मला! रात्रंदिवस राबून जमवलेली माझी सगळी गिऱ्हाइकं—"

बोलता बोलता तिने टेबलावरची कात्री उचलली. मायाने हात आडवा घातला. पातं तळव्यातून आरपार गेलं. दगडूने अनुजाला मागून आवळून जमिनीवर दाबलं, तरी ती किंचाळत होती, "माझ्याच चौकात येऊन मोठी झाली ती! माझ्याच!"

दुसऱ्या दिवशी भोईवाड्याच्या स्मशानातून राहुल बाहेर आला तेव्हा माया फाटकाशी उभी होती, हाताला बँडेज. त्याने कट्ट्यावर बसून मोबाईलवर दुकान उघडलं. आत गर्दी होती. नऊवारीतल्या, पैठणीतल्या कितीतरी बाहुल्या गादीसमोर उभ्या होत्या. सगळ्यांचा एकच प्रश्न, 'अपूर्वा खंय आसा?'

राहुल अपूर्वाच्या नावातून बाहेर पडला. मग त्याने स्वतःच्या नावाने लिहिलं, 'मी तिचो भाव. ती गेली.'

एकही बाहुली जागची हलली नाही. राहुलने मोबाईल छातीशी धरला आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, पहिल्यांदा मोठ्याने रडला.