निळ्या तोंडाचं वासरू

कल्पना करा, तुम्ही लडाखमधल्या एका गोम्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, अंगणात जर्दाळू खात बसला आहात आणि समोरून एक वासरू येतंय. तोंड निळंशार! तुम्ही काय कराल? हसाल. कुन्झेसही हसली. मग तिनं वासराचं नाक बोटानं पुसून पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

"जिग्मत, हा तर आपल्या औषधबुद्धाचा निळा!"

"म्हणजे वासरानं थांका चाटला?" तिचा मावसभाऊ म्हणाला.

"तुझ्याएवढं अडाणी नाहीये ते. चल!"

गोम्पाच्या मागच्या दाराशी निळ्या पाण्याची बादली होती. दोघांनी फटीतून आत डोकावलं. गोम्पाच्या समितीचे अध्यक्ष, कुन्झेसचे आझांग म्हणजे मामा पुन्चोक, तो थांका, म्हणजे कापडावर रंगवलेलं आजार बरे करणाऱ्या बुद्धाचं ते जुनं चित्र, ओल्या फडक्यानं चक्क घासत होते! दगड कुटून, सरसात कालवून केलेले ते रंग. पाणी लागलं की सुटणारच! बुद्धाचा एक खांदा पार फिका पडला होता.

"आझांग, थांबा! रंग जातोय!" कुन्झेस ओरडली.

"रंग नाही गं, दिव्यांची काजळी."

"तुमच्या घरी काजळी निळी असते?"

"सटका इथून! उद्या उत्सवाला पाहुणे येणार. चित्र कसं नव्या पातेल्यासारखं चकाकलं पाहिजे!" दार धाडकन लागलं.

"म्हणे अध्यक्ष!" जिग्मत फणकारला. "याकला जास्त कळतं! मेमेंना सांगू या."

मेमे लोब्झांग म्हणजे गोम्पाचे म्हातारे लामा.

"आपण सांगितलं तर मामा म्हणतील, पोरं खोटारडी. त्यांनाच दाखवू दे!" कुन्झेसनं दार वाजवलं आणि गोड आवाज काढला. "आझांग, एवढं मोठं काम कोपऱ्यात का करता? सगळ्यांना कळू दे ना!"

झालं! मामांची छाती फुगली. त्यांनी मेमेंसकट अंगणातल्या साऱ्यांना स्वतःच आत बोलावलं आणि ऐटीत फडकं उचललं.

"थांब!" मेमे गरजले. "पुन्चोक, आरसा कुठे आहे?"

"कसला आरसा?"

थांका दुरुस्त करायचा तर आधी त्यातल्या देवाला विनवून आरशात बसवायचं आणि काम पुरं झालं की परत बोलवायचं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक!

"देव आत असतानाच त्याचं अंग घासलंस?"

"काजळी होती, मेमे..."

कुन्झेसनं त्यांच्या हातातलं फडकं घेऊन पिळलं. निळी धार थेट मामांच्या बुटांवर! सगळे खो खो हसले. मेमे तेवढे हसले नाहीत.

आरसा आला, प्रार्थना झाली. थांका सावलीत सपाट पसरला. लेहच्या जुन्या चित्रकाराला निरोप गेला.

"या पोरांमुळे बुद्धाचा चेहरा वाचला," मेमे म्हणाले. "यांना डोळे आहेत, पुन्चोक. तुला नुसती खुर्ची! कुन्झेस, वाळेपर्यंत तू राखण कर."

मामा पुन्हा पुढे झाले. "मी म्हणतो, चुलीजवळ धरला तर पटकन वाळेल..."

कुन्झेसनं त्यांना बाही धरून बाहेर काढलं, आतून कडी लावली आणि दाराला पाठ टेकून ती तिथेच मांडी घालून बसली.