पांढरी चारचा सूर

मी साऊंडवाला आहे. वडशाला, आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांना माईक अन् भोंगे पुरवतो. कुठली वायर घरघरते, कुठला भोंगा फाटलाय, हे मला डोळे मिटून कळतं. आवाजाच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही.

म्हणून सांगतो, तो भास नव्हता.

गेल्या डिसेंबरातला रविवार. वडशातलं आमचंच घर.

त्या सकाळी अब्बा गेले.

अब्बा म्हणजे खुर्शीद ऑर्गनवाले. पायाने भाता मारत त्यांनी सारी हयात रंगमंचापुढे काढली. गाणारा विंगेत घाबरून उभा असला, की ते त्याचा सूर धरून बसायचे. त्याने सूर उचलेपर्यंत पट्टीवरचं बोट काढायचे नाहीत.

माझी धाकटी बहीण जोया त्यांच्याचजवळ शिकली. पण तिचा आवाज जाड. आमच्याकडे नायिका काळी चारात गातात, ही त्याहून खालच्या पांढरी चारात खुलायची.

"खुर्शीदभाऊ, पोरगी गाऊन राह्यली का पोरगा?" कंपनीवाले हसायचे.

"आवाज वर ओढू नोका तिचा," अब्बा म्हणायचे. "फाटन."

पुढे मुंबईच्या एका गाणं शिकवणाऱ्या बाईंनी तो आवाज ऐकला आणि म्हणाल्या, हा तर ऑपेराचा गळा. नाटकातलं सगळं बोलणं गाण्यातच असतं, तो ऑपेरा. बायकांच्या अशा मधल्या, भरदार आवाजाला तिकडे मेझो-सोप्रानो म्हणतात. जोया शिकत शिकत पार जर्मनीला पोचली. पण तिथेही नायिका बहुतेक बारीक आवाजाचीच. हिच्या वाट्याला आई, दाई, नाही तर चेटकीण.

"इतकी सात समुद्र पार गेली, अन् म्हातारीच झाली का बे?" अब्बा फोनवर चिडवायचे. तीही हसायची.

प्रत्येक प्रयोगाआधी ती फोन करायची. अब्बा ऑर्गनवर बसून पांढरी चार धरायचे. ती तिकडून सूर उचलायची, मगच फोन ठेवायची. शेवटी शेवटी अब्बांचे पाय खूप सुजले होते. तरी त्या एका सुरापुरता भाता मारायचेच.

आणि त्या रविवारी, तिकडच्या दुपारच्या प्रयोगात, जोया पहिल्यांदा नायिका होणार होती.

अब्बांचा तबलजी देवाजीभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "वाजिद, जोयाले आत्ता सांगू नोको. पडदा पडल्यावर सांगू."

झाडीपट्टीत असंच चालतं. कलाकाराच्या घरी काहीही होवो, प्रयोग संपेपर्यंत त्याला कुणी सांगत नाही. मीही मान डोलावली.

दुपार कलताना, असरच्या नमाजनंतर, कब्रस्तानात मिट्टी दिली. घरी आलो. अब्बांच्या खोलीला मी कुलूप घातलं, चावी खिशात टाकली. अंगणात माणसं बसली होती.

अंधार पडला, आणि अब्बांचा फोन वाजू लागला.

जोया.

"उचलू नोको," देवाजीभाऊ म्हणाला. "तुह्या आवाजावरून समजन तिले."

फोन वाजत राहिला. वाजून वाजून बंद झाला.



आणि मग... बंद खोलीतून सूर आला.

एकच सूर. भरलेला. न हलणारा.

पांढरी चार.

देवाजीभाऊने माझं मनगट धरलं. "वाजिद... आत कोण हाये?"

मी कुलूप उघडलं.

आत कुणीच नव्हतं.

पण ऑर्गनखालचे भात्याचे पायटे... एक वर, एक खाली. हळूहळू. थकलेल्या माणसाच्या चालीने.

एकाएकी सूर थांबला. पायटे जागच्या जागी राहिले.

पडदा पडल्यावर जोयाचाच फोन आला. ती रडत होती, पण आनंदाने.

"भाई, फोन काऊन नाई उचलला? मी विंगेत उभी, सूर सापडेना. मंग अब्बांचा ऑर्गन ऐकू आला. अगदी पाठीमागून. मी सूर उचलला अन् तो थांबला. वळून पाह्यलं तं कोणी नाई. अब्बाले दे न फोन!"

"जोया..." मी म्हणालो.

माझ्या आवाजावरूनच तिला कळलं.

त्याच आठवड्यात जोया घरी आली. लपवल्याबद्दल मला एका शब्दाने बोलली नाही. अब्बांच्या खोलीत ऑर्गनपाशी जाऊन बसली. अंधार पडला, आणि पुन्हा... तोच सूर.

मी दारात उभा होतो. जोयाचे ओठ उघडले. मग तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"गा न बाई," मी म्हणालो. "अब्बा वाट पाहून राह्यले."

तिने नाही म्हणून मान हलवली. "त्या दिवशी उचलला, अन् ते उठून गेले, भाई. आता गाईन तं कायमचे जातीन."

तेव्हापासून जोया इथेच आहे. गात नाही. जर्मनीहून फोन यायचे, तेही बंद झाले. ज्या जागेसाठी ती इतकी वर्षं झिजली, तिथे आता दुसरी कुणी उभी राहते. मोठा भाऊ म्हणून मी तिला रागवायला हवं. माझ्याने होत नाही.

सूर अजून येतो. रोज नाही. आला तर अंधार पडतानाच.

पण मी साऊंडवाला आहे, मला फरक कळतो. पूर्वी सूर सलग यायचा. आता मधेच बारीक होतो... तुटतो... पुन्हा भरतो. भात्याला दम पुरत नाही. काल तर पायटे मधेमधे थांबत होते, सूरही थांबत थांबत आला.

अब्बांचे पाय दुखत असतील.

हे मी जोयाला सांगितलेलं नाही. सांगितलं, तर त्यांची सुटका व्हावी म्हणून ती गाईल, आणि सूर कायमचा थांबेल. एवढा तिचा अब्बांवर जीव आहे.

आणि दिवस कलला, की भोंग्यांचं काम टाकून मीसुद्धा तो सूर ऐकायला त्या दाराशी येऊन बसतो.