बाबांचा कार्ब्युरेटर

चौकातल्या सिग्नलला गाडी बंद पडली आणि मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून नुसता उच्छाद मांडला. ती किल्ली फिरवत राहिली. इंजिन घरघरायचं, खोकायचं, गप्प व्हायचं. बाबांना अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची ही जुनी बदामी गाडी तीच चालवत होती — चालवत कसली, तिची मनधरणी करत होती.

"किल्ली सोडा आता. पेट्रोल जास्त झालंय तिला."

खिडकीशी एक जण वाकला होता. बाह्या दुमडलेल्या, केसांवर भुरभुर पावसाचे थेंब. त्याने बॉनेट उघडलं आणि क्षणभर बघतच राहिला.

"कार्ब्युरेटर मूळचाच आहे... अजून?"

"बाबा कुणाला हात लावू देत नाहीत."

"तरीच ही दशा," तो हसला. "पुढेच माझं गॅरेज आहे. बसा तुम्ही, ढकलतो."

गॅरेजमध्ये त्याने सगळं नीट सांगितलं. कार्ब्युरेटरमधला दांडा फिरून फिरून त्याचं भोक झिजलं होतं, नको तिथून हवा शिरत होती; कार्ब्युरेटरचं अंगसुद्धा उष्णतेने वाकलं होतं. "नवा बसवा. वेगळ्या बनावटीचा आहे, पण जुळवून घेता येईल. तिला पुन्हा असं रस्त्यात रडावं लागणार नाही."

"बाबा नुसत्या आवाजावर त्याचे स्क्रू जुळवायचे. ऐकणार नाहीत."

"मी समजावतो की येऊन."

"या! पुष्कळ जण हात टेकून गेलेत."

रविवारी तो खरंच आला. कार्ब्युरेटर काढून त्याने बाबांसमोर टेबलावर ठेवला. बाबांचा उजवा हात मांडीवर निपचित. शब्दही तुटक यायचे. डाव्या हाताने त्यांनी तो कितीतरी वेळ उलटसुलट फिरवला.

"नवा... नको. हाच... उघड."

आता हा समजावणार, म्हणून ती दारातच थांबली. त्याने बाबांच्या हाताकडे पाहिलं, आणि स्टूल पुढे ओढलं.

"बरं. कुठून सुरुवात करू, काका? तुम्ही सांगा."

मग दर रविवारी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरायची. बाबा बोट दाखवायचे, तो स्क्रू काढायचा. पेट्रोल सोडणारे बारीक भोकांचे पितळी जेट वाटीत भिजत पडायचे, आणि पेट्रोलच्या वासाने घर भरलं म्हणून ती खिडक्या उघडत कुरकुरायची. पण भिंतीकडे तोंड करून पडून राहणारे बाबा रविवारी सकाळीच दाढी करून बसायचे.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. तो प्रत्येक जेट हात लांब करून न्याहाळतो, हे तिच्या नजरेतून कसं सुटावं?

"तुम्हाला चष्मा लागलाय."

"या वयात?"

"वय नाही, डोळे बघते मी. दुकानात या."

तो आला. मंद उजेडाच्या खोलीत ती त्याच्यासमोर वाकून भिंगं बदलत होती. "आता बरं दिसतंय... की मघाशी?"

"आता."

"मग वाचा ना."

"वाचतोय..." पण तो अक्षरांकडे बघत नव्हता. तिने पुढचं भिंग उलटंच बसवलं.

कार्ब्युरेटर परत बसवला त्या दिवशी बाबांना गाडीत पुढे बसवलं. इंजिन सुरू झालं — संथ, एकसारखं. बाबांनी डोळे मिटले. "गल्लीपुरतंच हं," तो मागच्या सीटवरून म्हणाला. ती हळूहळू निघाली. पण इंजिन तापलं, गल्लीच्या तोंडाशी गाडी हिसके देऊ लागली आणि ऐन वळणावर बंद पडली. मागून येणाऱ्या ट्रकने करकचून ब्रेक मारला... हातभर अंतर राहिलं असेल.

तो उतरून बॉनेटकडे गेला.

"पुरे," बाबा म्हणाले. "नवा... बसव. ही... एकटी जाते... कामाला."

आणि त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. आजाराला बाबांकडून एकेक गोष्ट हिसकावून नेताना तिने पाहिलं होतं. त्यांना स्वतःहून काही सोडताना ती आज पहिल्यांदाच पाहत होती.

नवा कार्ब्युरेटर बसला. गाडी कुरकुर न करता सुरू झाली. त्याने तिच्या हातात किल्ली दिली, तरी तो घराच्या पायरीवरून हलेना.

"तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत होतं ना?" तिने विचारलं. "तो नीट व्हायचा नाही ते."

"जवळजवळ... हो."

"मग इतके रविवार?"

"काकांनाही माहीत होतं. उघडल्याबरोबर त्यांनी त्या भोकावरून बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले — पुढचा स्क्रू."

तिचे डोळे भरून आले. "बाबांना पुन्हा काम करायचं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि तुम्हाला?"

"मला यायचं होतं." तो थांबला. "तुम्ही खिडक्या उघडत कुरकुरायचात... ते ऐकायला."

"एवढंच?"

"एवढंच नाही." त्याचा आवाज एकदम खाली आला. "लग्न कराल माझ्याशी?"

त्याचा काळपट डागांचा हात तिने हातात घेतला, आणि तसाच धरून ती त्याला आत, बाबांकडे घेऊन गेली.