अकरा फ्रेमचं वादळ

आम्हाला वादळाचा एकच फोटो हवा होता, पण पूर्ण! मे महिन्यात बरगीच्या जलाशयावर दुपारी वादळ चढतं, तेव्हा त्याच्या पुढे ढगाची एक काळी कड चालत येते. क्षितिजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ती एका फोटोत मावत नाही. ट्रायपॉडवर कॅमेरा थोडा थोडा फिरवत अकरा फ्रेम काढायच्या आणि मग त्या जोडायच्या. दोन वर्षं माझा प्रयत्न फसला होता. जुलैत मला नोकरीसाठी बंगळूरला जायचं होतं. म्हणजे ही शेवटची संधी.

आम्ही तिघं होतो. मी चैत्राली, भौतिकशास्त्रात एमएस्सी. विजय नगरचा माझा मावसभाऊ प्रतीक. आणि आमचे शेजारी रत्नाकरकाका, खमरियाच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले. कोळ्यांच्या धक्क्यासमोर पाण्यात एक टापू आहे. तिथून चाळीसेक नावा, लोखंडी जेट्टी आणि वरचं सगळं आकाश एका नजरेत येतं. काका त्या धक्क्याला 'बंदर' म्हणत. भाड्याची नाव आपणच वल्हवणार, असा त्यांचा हट्ट होता.

उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि टापूभोवती चिखलाचा पट्टा उरतो. काळा, कोमट, मेलेल्या माशांनी भरलेला. पाय घातला की खालून बुडबुडे येत आणि सडक्या अंड्यांचा वास सुटे. मासे फुगलेले. माश्या आमच्या ओठांवर. टापूवर मुक्काम केला ते दोन दिवस बिस्किटांनाही तीच चव होती.

"काहून नाक दाबून राहिली?" काका हसले. "सायन्सवाल्यांना वास चालत नाही का?"

"वास चालतो काका. तुमचं थुंकणं नाही चालत."

त्यांनी पुन्हा पाण्यात गुटख्याची लाल पिचकारी टाकली. प्रतीकने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता वायव्येला आकाश निळं-काळं झालं. काका उठले. "नाव इथे वाऱ्यात फुटेल. वळसा घालून मागच्या बाजूला नेतो."

"एकटेच?" प्रतीकने विचारलं.

"चलो, पाच मिनिटांचं काम. तुम्ही आपला फोटो काढा."

मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर, ते डोळ्यांसमोरून गेले याचं बरंच वाटलं.

कड आली. एवढी देखणी मी कधीच पाहिली नव्हती. खाली बंदरातल्या नावा तांदळाच्या दाण्यांसारख्या पांढऱ्या दिसत होत्या. मी डावीकडून सुरुवात केली. एक. दोन. तीन. दर चार सेकंदांना एक फ्रेम. पाचव्या फ्रेममध्ये उजव्या कडेला काकांची नाव आली. कॅमेरा उजवीकडे फिरवल्यावर ती मध्यावर दिसायला हवी होती. सहाव्या फ्रेममध्येही ती उजव्या कडेलाच होती. म्हणजे नाव वाहत होती. काकांचे दोन्ही हात नावेच्या काठावर होते. वल्हं नव्हतं.

मी सातवी काढली. आठवी काढली.

मग थांबले.

"प्रतीक, काका वाहून चाललेत!"

तो पाण्याकडे धावला. मी त्याचा शर्ट ओढला. "तिकडे नाही! दक्षिणेच्या टोकाला!"

वादळ आधी हवा आत ओढून घेतं, म्हणून नाव त्याच्याकडे चालली होती. कड डोक्यावर आली की वारा उलटतो आणि कितीतरी जोराने बाहेर फेकतो. नाव परत येणार होती. टापूच्या दक्षिण टोकाशी बुडालेल्या झाडांचे खुंट होते. ती त्यांच्यावरच आपटणार होती.

तीन मिनिटं. फार तर चार.

आम्ही चिखलातून पळालो. पळालो कसले, उपसत गेलो. माझा बूट आतच राहिला. पडले, तेव्हा तळहाताखाली एक मासा फुटला आणि बाहीपर्यंत काहीतरी गरम ओघळलं. ट्रायपॉड हातात तसाच होता. कॅमेरा काढायला वेळ नव्हता.

वारा उलटला!

पाणी उठलं. नाव आडवी झाली, खुंटावर आदळली, फुटली. काका दोनदा दिसेनासे झाले. छातीपर्यंतच्या काळ्या घाणीत उभं राहून प्रतीकने माझा पट्टा धरला. मी ट्रायपॉड काकांच्या दिशेने पुढे केला. काकांनी कॅमेराच पकडला.

"सोडू नका!"

त्यांनी सोडला नाही. आम्ही ओढलं.

किनाऱ्यावर काकांच्या तोंडातून काळं पाणी आलं. गारांचा मारा सुरू झाला. नाव गेली होती. वारा पडल्यावर बंदरातून कोणी आलं तरच सुटका होती. कॅमेऱ्याच्या काचेमागे चिखल हलत होता.

"मिळाला का फोटो?" काकांनी विचारलं.

"अर्धवट," मी म्हणाले. "काका, तुमच्या हातात वल्हं नाही, हे मला सहाव्या फ्रेमलाच दिसलं. तरी मी आणखी दोन काढल्या. आठ सेकंद."

प्रतीकने माझ्याकडे पाहिलं. अंगाला चिकटलेल्या घाणीची आता मला किळस येत नव्हती. किळस दुसऱ्याच कशाची येत होती.

काकांनी तोंडावरचा चिखल पुसला.

"वल्हं गेलं तेव्हा तुम्ही दोघं हाकेवर होता," ते म्हणाले. "मी हाक नाही मारली. दोन दिवसांपासून तुमच्यासमोर नावाडी बनून राहिलो होतो ना. लाज वाटली."

"किती वेळ?" मी विचारलं.

"तुझ्या आठ सेकंदांहून बहुत जास्त."

गारा वाढल्या. आम्ही तिघं पाठीला पाठ लावून, डोक्यावर हात घेऊन तिथेच बसलो.