थ्रिन आजीचा सूर

"ऐका, पुन्हा आला," बानरी म्हणाली, तशी तिन्ही मुलांनी संत्री सोलायचं थांबवलं.

खालच्या दरीतून कुणीतरी लांबलचक सूर लावून हाक घालत होतं. त्या खासी गावात मूल जन्मलं की आई त्याच्यासाठी एक सूर रचते. रानात कुणाला नावाने बोलवायचं नाही, त्याच्या सुरानेच बोलवायचं. मुलांना बहुतेकांचे सूर पाठ होते. हा मात्र त्यांतला नव्हता.

लाम्बोरमामा गवताच्या मोळ्या बांधत होता. "असेल कुणी पलीकडच्या गावचं. आपल्याला काय त्याचं?"

"पण कुणी उत्तरच देत नाहीये, मामा. आणि आवाज बारीक होत चाललाय."

"दरीत उतरायचं नाही. सांगून ठेवतो."

"छे, आम्ही ओढ्यावरून पाणी आणतो," शानबोर म्हणाला.

"हं, जा."

ओढा दरीतच आहे, हे मामाला आठवेपर्यंत तिघं सुपारीच्या बागेपलीकडे पोचले होते.

गावाच्या वरच्या टोकाला एकटी राहणारी थ्रिन आजी ओढ्याकाठी बसली होती. तिचा पाय दगडाखाली अडकला होता. बानरी आणि शानबोरने बांबू घालून दगड उचकटला आणि धाकट्या किरमेनने आजीला मागे ओढलं.

"आजी, कुणाला बोलवत होतीस?" किरमेनने विचारलं.

"भावाला."

"कुठे असतो तो?"

"वारला. तुझी आई तेव्हा पाठुंगळीला होती."

"मग त्याला कशाला हाक मारायची?"

"भीती वाटली की तोंडात त्याचाच सूर येतो. तुमचे मला कुठे येतात? वर माझ्याकडे येतं कोण?"

मग किरमेनने हळूच आपला सूर म्हणून दाखवला. पाठोपाठ बाकी दोघांनीही आपापले म्हटले. आजी ते त्यांच्यामागून म्हणू लागली, पण शानबोरच्या सुरात चुकली.

"शेवटी वर जायचं, आजी," तो म्हणाला. तिने पुन्हा म्हटला.

"आता तुझा शिकव," बानरी म्हणाली.

मग आजीने आपला सूर म्हटला. मध्येच अडली आणि पहिल्यापासून सुरू केला. मुलांनी तो नीट जमेपर्यंत म्हटला.

शानबोरने धावत जाऊन मामाला आणलं. मामाने आजीला पाठीवरच्या टोपलीत बसवून वर नेलं. "हाक मीही ऐकली होती," तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही गेलात, बरं केलंत." गावच्या प्रमुखांनीही सगळ्यांसमोर मुलांना शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बानरीने अंगणातून आजीचा सूर लावला. उत्तर आलं नाही. पुन्हा लावला. तरीही नाही. घाबरून तिघं चढ चढून धावत गेले. आजी दारातच बसली होती.

"आजी, ऐकू नाही आलं?"

"आलं की. दोन्ही वेळा." तिने तोंड फिरवलं. "ओ द्यायची सवयच राहिली नाही गं."